माती ओली असताना

लालबागच्या नाक्यावरून काळाचौकीकडे वळलं, की पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला आणि मैदानांत ताडपत्रीचे उंच मांडव उभे राहिलेले दिसतात. पलीकडे परळच्या नरे पार्कपर्यंत हीच तऱ्हा. हे गणपतीचे कारखाने. आत प्लॅस्टरची पांढरी धूळ, काथ्याचे ढीग, बांबूंच्या परांच्या आणि त्यांवर बसून काम करणारी माणसं. वीस फुटी मूर्तीच्या चेहऱ्यावर काम करणारा कारागीर गालापासून हातभर अंतरावर असतो. त्याला गाल दिसतो, चेहरा दिसत नाही. पापणीची कड साफ आली का, हे तो सांगू शकेल. दोन्ही डोळे एका रेषेत आहेत का, हे तिथून कळायला काही मार्गच नाही. म्हणून खाली, मूर्तीच्या पायांपासून पंधरा-वीस पावलांवर, दुसरा कुणीतरी मान वर करून उभा असतो.

‘उजवी भुवई उतरलीय. दोन सूत वर घे.’

वरचा पट्टी लावतो, घासतो, पुन्हा विचारतो, ‘आता?’

‘आता बरोबर. सोंडेच्या मुळाशी सावली जास्त पडतेय, तेवढं बघ.’

या बोलण्यात कुणाचा अपमान होत नाही. वरच्याला दिसत नाही ते तो कामाच्या फार जवळ आहे म्हणून, हे दोघांनाही ठाऊक असतं. खालचा पुष्कळदा वयाने लहान आणि हाताने कच्चा असतो. तरी त्याच्या शब्दाला वजन असतं, कारण उद्या भाविक जिथे उभा राहणार तिथेच आज तो उभा आहे. वरचा कारागीर दिवसातून चार वेळा स्वतःही खाली उतरतो, तंबाखू मळता मळता आपल्याच कामाकडे परक्याच्या नजरेने बघतो आणि पुन्हा वर चढतो.

डिझाइन टीममध्ये एकमेकांच्या कामावर मोकळेपणाने बोलण्याची सवय कशी लागते, यावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. त्यातलं बहुतेक लेखन माणसांना शहाणपण शिकवतं: गोड बोला, आधी स्तुती करा, मग दोष सांगा, मन मोठं ठेवा. मला यातलं फारसं पटत नाही. टीममध्ये माणसं मोकळं बोलतात की नाही, हे त्यांच्या स्वभावावर कमी आणि कामाच्या रचनेवर जास्त ठरतं. काम कोणत्या टप्प्यावर दाखवलं जातं, बोलणारा कुठे उभा आहे आणि चूक निघाली तर तिची किंमत कोण मोजतं, या तीन गोष्टी नीट बसवल्या की अबोल माणसंही बोलू लागतात. त्या बिघडल्या की भल्याभल्यांच्या तोंडाला कुलूप बसतं. काळाचौकी-लालबागच्या टापूत या दोन्ही बाजू पाहायला मिळतात. एक गणपतीच्या कारखान्यात आणि दुसरी, फार महागात पडलेली, गिरण्यांत.

आधी कारखाना. लालबागच्या गणेश गल्लीतलं मंडळ १९२८ सालचं. १९७७ मध्ये सुवर्णमहोत्सवी वर्षाला तिथे दीनानाथ वेलिंग यांनी बावीस फुटी मूर्ती घडवली आणि या भागात उंच मूर्तींचं पर्व सुरू झालं. मूर्ती हातात धरण्याएवढी असते तेव्हा घडवणारा ती फिरवून सगळ्या बाजूंनी पाहू शकतो. दोन मजली उंचीला ते जमत नाही. शिवाय इतक्या उंचीवरचा चेहरा खालून बघताना आखडल्यासारखा दिसतो. हनुवटी आणि सोंडेचं मूळ पुढे येतं, कपाळ मागे सरकतं. ते सावरायला डोकं थोडं मोठं घ्यावं लागतं, चेहरा किंचित पुढे झुकवावा लागतो. म्हणजे परांचीवरून जे चूक वाटतं तेच खालून बरोबर असतं. एका माणसाच्या नजरेत मावत नाही इतकं काम मोठं झालं, तेव्हा दुसऱ्या माणसाचं बोलणं ही कामाची गरज बनली.

आता टप्पे बघा. मंडळाचे कार्यकर्ते मोबाइलवर फोटो घेऊन येतात. यंदा बैठक अशी हवी, हात असा हवा, पाठीमागे अमुक प्रभावळ हवी. मूर्तिकार रेखाटन करतो, मग हातभर उंचीचं मॉडेल. या टप्प्यावर वाटेल ते बोलायची मुभा असते. आसन बदला, कमरेचा बाक कमी करा, आयुधं बदला. उंचीही इथेच ठरते, कारण मूर्ती नुसती बसवायची नसते, ती रस्त्यावरून न्यायची आणि विसर्जनाला पुन्हा काढायची असते. चिंचपोकळी, करी रोडसारख्या जुन्या रेल्वे पुलांवर मिरवणुकीने रेंगाळू नये, फार भार आणू नये, अशा सूचना महापालिका वारंवार देते. वाटेत तारा असतात, झाडांच्या फांद्या असतात. या सगळ्यांची चर्चा मूर्ती कागदावर असतानाच झालेली बरी.

मॉडेल मंजूर झालं की मोठं काम मातीत. आता प्रमाणाबद्दल बोलायचं: खांदा उतरलाय, पोटाची गोलाई एका अंगाला जास्त आहे. माती ओली असते तोवर अंगठ्याच्या दाबाने खांदा वर जातो. त्यावरून साचा निघतो. साच्यात काथ्या घालून प्लॅस्टर ओततात, आणि पाण्यात कालवलेलं प्लॅस्टर काही मिनिटांत धरायला लागतं. त्यानंतर खांदा बदलायचा म्हणजे तोडायचा. जोडकाम झालं की घासकाम. तेव्हा बोलायचं ते फक्त पृष्ठभागाबद्दल, सांध्यांबद्दल. मग प्रायमर, मग रंग. आता प्रमाणाचा विषय बंद, छटेचा विषय सुरू. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती करणारा हात वेगळा असतो, काही जण तर मोसमात एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात केवळ आखणीसाठी जातात. बुबुळाची रेघ ओढताना परांचीखाली कुणी मोठ्याने बोलत नाही.

बारकाईने पाहिलं तर इथे टीकेला मज्जाव कुठेच नाही, पण प्रत्येक टप्प्याला तिचा प्रश्न ठरलेला आहे. आखणीच्या दिवशी येऊन ‘हात जरा वर असता तर’ असं म्हणणाऱ्याला कुणी गप्प करत नाही. त्याचं बोलणं आपोआप हवेत विरतं. आणि मातीच्या टप्प्यावर रंगाची चर्चा काढणाऱ्याला ‘ते नंतर’ एवढंच उत्तर मिळतं. माती, प्लॅस्टर आणि रंग ही सामग्रीच सगळ्यांना वेळेचं भान देते. मंजूर झालेलं छोटं मॉडेल काम होईपर्यंत समोर असतं. वाद झालाच तर माणसांकडे न बघता मॉडेलकडे बघायचं.

आता दुसरी बाजू. काळाचौकीत इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक २ आणि ३ च्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. एके काळी या टापूत दिवसरात्र कापड निघत असे, आणि निघालेल्या प्रत्येक वाराची तपासणी होत असे. तपासणारा डोळा तयार होता. तुटलेला धागा, गाठ, विरळ पट्टा, तेलाचा डाग, काही सुटत नसे. दोष शोधण्यात गिरण्या मुळीच कमी नव्हत्या. शोधलेल्या दोषाचं पुढे काय करायचं, तिथे सगळं बिघडलं होतं.

मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची, अशी प्रथा होती. विणकराने ते कापड घरी न्यावं, वापरावं, नाहीतर मिळेल त्या भावाला विकावं. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईच्या गिरण्यांत जो मोठा सार्वत्रिक संप झाला, त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांत हीसुद्धा एक होती. संपाच्या शेवटी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे गिरण्यांच्या नियमांसोबत हा प्रश्नही आला.

कापड का बिघडतं, हे ज्याने माग चालताना पाहिलाय त्याला सांगायला नको. धागा तुटतो तो विणकराच्या हलगर्जीपणाने तुटतो, तसाच सुताला पीळ कमी असल्याने तुटतो, ताण्याला लावलेली खळ नीट बसली नसल्याने तुटतो, हवेत दमटपणा कमी असल्याने तुटतो, माग जुना झाल्याने तुटतो. मूळ दोष दोन खाती मागे असू शकतो. तो कुठे आहे हे सर्वांत आधी विणकराला कळतं, कारण त्याच्या बोटांतून धागा जातो. पण दंड त्यालाच होणार, मागच्या खात्यातल्या माणसावर बोट ठेवलं तर जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, डाफरणार आणि नोकरीची दोरी जॉबरच्या हातात. मग शहाणा माणूस काय करेल? झाकेल. तेच होत होतं. ज्याच्याजवळ सर्वांत मोलाची माहिती होती, त्याला ती लपवण्यातच फायदा दिसावा, अशी व्यवस्था गिरणीने पगारपत्रकातून उभी केली होती.

१९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने यावर लगाम घातला. दंडाची मर्यादा ठरली, रुपयामागे अर्धा आणा. नुकसानीपोटी कपात करायची तर नुकसान त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेलं असलं पाहिजे, कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि त्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. डिझाइनच्या पुस्तकात कामगार कायद्याचा उल्लेख काहींना अस्थानी वाटेल. मला वाटतं, टीम चालवणाऱ्या प्रत्येकाने हे शेवटचं कलम पाठ करावं. आधी विचारा, मग ठरवा. लेआउट बिघडला असेल तर तो करणाऱ्याला ‘हे असं का झालं’ हा प्रश्न खऱ्या उत्सुकतेने विचारला, तर दहात पाच वेळा उत्तर दोन खाती मागचं निघतं: मजकूर उशिरा आला, क्लायंटने लोगो तीनदा बदलला, छपाईचा आकार कुणी सांगितलाच नाही.

गिरण्यांची धुरांडी थंडावली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर तर हा सगळा टापूच बदलून गेला. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत आता जाहिरात संस्था, डिझाइन स्टुडिओ, अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या आहेत. अभ्युदय नगरातली, लालबागच्या चाळींतली कित्येक मुलंमुली तिथे कामाला जातात. आजोबा ज्या आवारात भोंग्यावर जात त्याच आवारात नात कार्ड पंच करून आत शिरते. आणि तिथल्या डिझाइन टीममध्ये टीकेची जी घडी असते, ती बऱ्याच ठिकाणी कारखान्यापेक्षा गिरणीच्या जवळची आहे. हे मला फार खटकतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका सरकारी रुग्णालयाच्या फलकांचं काम स्टुडिओकडे आलंय. केसपेपरची खिडकी, बाह्यरुग्ण विभाग, क्ष-किरण, औषधालय. फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. आर्ट डायरेक्टरने इंग्रजीत सुरेख मांडणी केली आणि त्याच मापात मराठी मजकूर बसवायला सांगितला. रोमन अक्षरं दोन रेषांमध्ये सुखाने राहतात. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं, की वरच्या ओळीतला ‘पु’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘र्थी’च्या रफाराला चिकटतो. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर कळत नाही, कारण मन शब्द ओळखून घेतं. दहा फुटांवरून, घाबरलेल्या माणसाला, गर्दीत, ते वाचता येत नाही.

टीममधल्या सर्वांत नवख्या मुलीला हे पहिल्याच दिवशी दिसलं असणार. ती मराठी शाळेत शिकलेली, आजीला घेऊन अशाच रुग्णालयात रांगेत उभी राहिलेली. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर ती खाली उभी आहे, भाविकाच्या जागी. पण मीटिंगमध्ये आधी सर बोलतात, मग त्यांच्या खालचे दोघे ‘एकदम क्लीन झालंय’ म्हणतात, आणि तिच्यापर्यंत येईतो मत देण्यासारखं काही उरत नाही. उरतं ते विरोध करणं. आपल्याकडे वडीलधाऱ्याची चूक दाखवणं म्हणजे उलटून बोलणं, ही समजूत घरातूनच येते. ती गप्प बसते. फलक छापले जातात, भिंतीवर लागतात, आणि महिन्याभराने रुग्णालयाचा कर्मचारी खिडकीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवतो: ‘केसपेपर इथे.’

असा कागद दिसला की समजावं, कुठल्यातरी मीटिंगमध्ये कुणीतरी बोलायचं राहून गेलंय.

या मुलीने धीट व्हावं, असा उपदेश करून काही होणार नाही. बोलण्याचा क्रम बदला. सर्वांत नव्याने आधी बोलायचं, सर्वांत ज्येष्ठाने शेवटी. मत विचारण्याऐवजी जागा नेमून द्या: ‘तू केसपेपरच्या रांगेत आहेस. दहा फूट मागे जा आणि मोठ्याने वाच.’ आता ती सरांच्या कामावर मत देत नाहीये, तिला दिसतंय ते सांगते आहे. परांचीखाली उभ्या असलेल्या पोऱ्याला जी मोकळीक मिळते ती हीच. आणि ज्येष्ठाने स्वतःच्या कामातली शंका आधी उघड केली, ‘मला मराठी ओळींची खात्री वाटत नाही, जरा बघा’ असं म्हटलं, तर दार निम्मं उघडलंच.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषध देण्याच्या चुका कमी होत असतील, ही अपेक्षा. निघालं उलटंच: चांगल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. त्या गटांत चुका बोलून दाखवायची भीती कमी होती, म्हणून त्या कागदावर येत होत्या. बाकीच्या गटांत त्या झाकल्या जात होत्या. खराब कापड गळ्यात पडणाऱ्या विणकराला हे संशोधन समजावून सांगायची गरज पडली नसती.

दुसरं संशोधन मला याहून महत्त्वाचं वाटतं. १९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी तोवर झालेले फीडबॅकविषयीचे अभ्यास एकत्र करून सहाशेहून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, हे दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं: बोलण्याने लक्ष कामावर जातं तेव्हा फायदा होतो, लक्ष स्वतःवर, आपण कसे आहोत आणि लोक आपल्याला काय समजतात यावर गेलं, की तोटा होतो. स्तुतीलाही हे लागू आहे. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य ऐकून माणूस पुढच्या वेळी हुशारी सांभाळत बसतो, धोका पत्करत नाही. ‘बाणाची दिशा लांबून लगेच कळते, तो तसाच ठेव’ असं म्हटलं तर काय जपायचं ते त्याला कळतं. आपल्याकडे ‘मस्त’, ‘झकास’, ‘एक नंबर’ सढळ हाताने वाटतात. आनंद वाटायला ते छान आहे, पण काम करणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. ‘काहीतरी मिसिंग आहे’ या वाक्याचीही तीच गत. ते वाक्य बोलणाऱ्याची अस्वस्थता खरी असते, म्हणून ते उडवून लावू नये. पण कुठे अडखळलात, नजर आधी कुठे गेली, एवढं तरी विचारून घ्यावं.

अधिकाराचा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळून चालत नाही. मूर्तीचे पैसे मंडळ देतं. मंडळात वीस-पंचवीस कार्यकर्ते, प्रत्येकाला मत, आणि उत्सव सगळ्यांचा असल्याने प्रत्येकाला मताचा अधिकारही. ते सगळे एकेकटे येऊन कारागिराला परस्पर सूचना देऊ लागले तर मूर्ती कुणाचीच राहणार नाही. जिथे हे नीट चालतं, तिथे मंडळाच्या वतीने एक-दोघंच बोलतात आणि बाकीच्यांचं म्हणणं आपसांत मिटवून मग येतात. आणि हात फिरवायचा तो मूर्तिकाराने. खांदा उतरलाय हे सांगणं मंडळाचं काम. तो कसा उचलायचा हे मूर्तिकाराचं.

पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओत याच विचाराला नियमाचं रूप मिळालं. ‘टॉय स्टोरी’च्या काळात जमलेल्या काही जणांची पुढे बैठकच ठरून गेली, तिला ते ब्रेनट्रस्ट म्हणतात. बनत असलेला चित्रपट मधूनमधून या मंडळींना दाखवायचा, त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता बोलायचं. पण त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही. एड कॅटमल यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, की अधिकार काढून घेणं हा त्या बैठकीचा प्राण आहे. ऐकायचं सगळं, करायचं काय ते दिग्दर्शकाने ठरवायचं. हुकूम सुटणार नाही याची खात्री असल्याने दिग्दर्शकाला स्वतःचा बचाव करत बसावं लागत नाही.

आपल्या कलाशिक्षणात याच्या नेमकं उलटं वळण पडतं, असं माझं मत आहे. सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासूनचं, आयआयटी मुंबईतलं औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासूनचं; या आणि अशा संस्थांतून निघालेल्या लोकांनी मुंबईचं दृश्य जग घडवलं. पण एकूणच कलाशिक्षणात विद्यार्थ्याला टीकेची ओळख होते ती बहुधा ज्युरीतून. काम पूर्ण करून भिंतीवर लावायचं, समोर परीक्षक, हातात गुणपत्रिका. गुण देणारा माणूस मदत करायला बसलेला नसतो, आणि मुलांना ते बरोबर कळतं. ती उत्तरं पाठ करून येतात. तीच ढाल घेऊन मग नोकरीत येतात. म्हणून टीममध्ये या दोन बैठका वेगळ्या हव्यात. काम सुधारण्याची बैठक वेगळी, पगारवाढ आणि बढतीची वेगळी. पहिलीत बोललेला शब्द दुसरीत पुरावा म्हणून निघाला, की पहिली बैठक त्या दिवशीच संपली असं समजा. नंतर लोक येतील, पण बोलणार नाहीत.

मातीचा धडा मात्र डिझाइन टीमला सर्वांत कठीण जातो. पडद्यावरचं काम कधी वाळतच नाही. छपाईला जायच्या आदल्या रात्रीही सगळं बदलता येतं, म्हणून सगळ्यांना सगळ्याबद्दल शेवटपर्यंत बोलायची मुभा वाटते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फाइली प्रत्येक स्टुडिओत सापडतील. उशिरा आलेली सूचना फुकट नसते. तिची किंमत रात्री जागणाऱ्या कनिष्ठाच्या झोपेतून वसूल होते, आणि ती किंमत सूचना देणाऱ्याला दिसत नाही. माती वाळत नसेल तर ती कधी वाळली ते आपणच जाहीर करायला हवं. रुग्णालयाच्या त्या कामात सांगायचं तर: पहिल्या आठवड्यात पेन्सिलीच्या रेखाटनांवर फक्त एवढंच बोलायचं, की माणूस फाटकातून शिरल्यावर कोणत्या क्रमाने कुठे जाईल. दुसऱ्यात अक्षरांचा आकार आणि ओळी, तीन भाषा एकत्र, खऱ्या मापात भिंतीवर चिकटवून. रंग त्यानंतर. प्रत्येक टप्पा बंद करताना एका ओळीत लिहून ठेवायचं की काय ठरलं आणि का. हे लिहिणं म्हणजे आपलं हातभर उंचीचं मॉडेल.

तडा गेलेल्या साच्याची गोष्ट वेगळी. पूर्ण झालेल्या कामात माणसाला इजा होईल किंवा तो फसेल असा दोष दिसला, तर टप्पा कुठलाही असो, काम थांबवून बोललंच पाहिजे. औषधाच्या खिडकीचा बाण चुकीच्या दिशेला असेल तर तिथे ‘ते आधी बोलायचं होतं’ हे उत्तर चालणार नाही.

२६ जुलै २०१७ ला परळचे नामवंत मूर्तिकार विजय खातू गेले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती, म्हणजे बरोबर महिन्यावर. मोसमाच्या ऐन मध्यावर कारखान्याचा कर्ता माणूस गेला. काम थांबलं नाही. मुलगी रेश्मा खातू यांनी सूत्रं हाती घेतली आणि पुढेही कारखाना चालवला. एका माणसाच्या डोक्यातच सगळं असतं, तर हे शक्य झालं नसतं. ज्या कारखान्यात वर्षानुवर्षं ‘दोन सूत वर घे’ हे मोठ्याने बोललं जातं, तिथे ते वाक्य ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत थोडी थोडी कला उतरत असते. गुपचूप येऊन स्वतःच दुरुस्त करून जाणारा वरिष्ठ त्या दिवसाचं काम वाचवतो आणि शिकायची संधी मारतो. डिझाइन टीममध्ये हे फार होतं: रात्री सर फाइल उघडतात, नीट करतात, सकाळी कुणालाच कळत नाही काय बदललं. चांगल्या मनाने केलेलं असतं, पण टीम होती तिथेच राहते.

तुम्ही एखादी छोटी-मोठी टीम चालवत असाल तर माझी विनंती आहे, पुढच्या बैठकीत पूर्ण झालेलं काम मांडू नका. अर्धवट, पेन्सिलीतलं, तुमचं स्वतःचं काम मांडा. कोणत्या एका प्रश्नावर बोलायचंय ते आधी सांगा. सर्वांत नवख्याला पहिल्यांदा बोलू द्या, तो बोलत असताना कामाचं समर्थन करू नका, आणि त्याच्या सांगण्यावरून जे बदललं ते त्याच्या नावासकट लिहून ठेवा.